लीग थंडीची, गवत उन्हाळ्याचं

देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगचे सामने पुण्यात नियमित होऊ लागले ते २००९-१० च्या हंगामात, पुणे एफसी आय-लीगमध्ये चढल्यावर. पुढची दहा वर्षं बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात कुणाचे ना कुणाचे घरचे सामने होतच राहिले. आधी पुणे एफसी, मग एकच हंगाम भारत एफसी, नंतर डीएसके शिवाजियन्स, आणि आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, २०१४ पासून एफसी पुणे सिटी. २०१९ मध्ये तो क्लब बंद झाला, लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली आणि लीग पुण्यातून उठली.

त्या काळाचा विषय निघाला की लोक त्रेझेगे, मुटू, मार्सेलिन्यो या परदेशी खेळाडूंची नावं काढतात, आणि काढावीतच. मैदानावर काम करणाऱ्याला मात्र हंगाम दिसतो तो गवताच्या बाजूने. तिथून पाहिलं की एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळते: लीग हिवाळ्यात खेळली जाते आणि गवत उन्हाळ्याचं असतं. आमचं सगळं काम या दोन वेळापत्रकांची सांगड घालण्याचं.

आपल्याकडच्या मोठ्या मैदानांवर बहुतेक ठिकाणी बर्म्युडा असतं, हरळीच्याच कुळातली संकरित जात. हे गवत जोमाने वाढतं ते २७ ते ३५ अंशांत. जमीन १८ अंशांच्या खाली गेली की त्याचा वेग पडतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन २९-३० अंशांपर्यंत जातं, पण पहाटे पारा १०-१२ वर येतो, कधी त्याच्याही खाली. म्हणजे गवत पूर्ण झोपत नाही, पण पोटभर वाढतही नाही. बुटाने उखडलेली जागा ऑक्टोबरात आठ-दहा दिवसांत भरून येते. तीच जानेवारीत तीन-चार आठवडे तशीच राहते. आणि सामने तर नेमके तेव्हाच असतात. आयएसएलचा २०१७-१८ चा हंगाम १७ नोव्हेंबरला सुरू झाला आणि १७ मार्चला संपला. दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने, त्यातले नऊ घरी. पुणे सिटी चौथ्या क्रमांकावर राहिला म्हणून दहावा सामनाही इथेच झाला: ७ मार्चचा बेंगळुरूविरुद्धचा उपांत्य फेरीच्या दोन सामन्यांतला पहिला, ०-०.

थंडीत गवत तयार करता येत नाही, फक्त वाचवता येतं. जे काही कमवायचं ते जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत.

पावसाळ्यापूर्वीचा पहिला वळीव पडला की संध्याकाळी कडुलिंब आणि बाभळीवर हुमणीचे, म्हणजे मुळं खाणाऱ्या किडीचे, भुंगेरे जमतात. उसवाले शेतकरी हे ओळखतात, मैदानवाल्यांनीही ओळखायला हवं. त्याच आठवड्यात प्रकाश सापळे लावले तर पुढची निम्मी लढाई टळते. नाही लावले, तर जुलै ते ऑक्टोबर अळ्या जमिनीखाली मुळं खात बसतात आणि वर काही दिसत नाही. दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो: साळुंक्या आणि बगळे एकाच जागी सकाळ-सकाळ चोची मारत असतात, आणि तिथलं गवत धरून ओढलं की सतरंजीसारखं गुंडाळून हातात येतं. अशा मैदानावर बचावपटूने वळताना पाय रोवला की गवतासकट घसरतो. मेटारायझियम ही किडीला मारणारी बुरशी जुलैच्या सुरुवातीला, जमीन ओली असताना आणि अळ्या लहान असताना दिली तर लागू पडते. मोठ्या झालेल्या हुमणीवर तिचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरा शत्रू लव्हाळा, जमिनीत गाठी धरणारं तण. तो नुसता उपटला की वरचं पान येतं, गाठ आत राहते आणि पुन्हा फुटते. थोडा असेल तर खुरप्याने गाठीसकट काढायचा. पसरला असेल तर त्याच्यासाठीचं निवडक तणनाशक ऑगस्ट संपायच्या आत मारून घ्यायचं, म्हणजे मोकळी झालेली जागा भरायला गवताला ऑक्टोबर मिळतो.

आता रेती. चांगल्या मैदानाखाली साधारण ३० सेंटिमीटर रेतीचा थर असतो, त्याखाली खडी, खडीत पाण्याचे पाइप. दरवर्षी वरून पातळ रेती द्यावी लागते, म्हणजे पृष्ठभाग सपाट राहतो आणि कुजलेल्या गवताचा गादीसारखा थर साठत नाही. मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. एक मिलिमीटर रेती म्हणजे सात घनमीटर. एका वेळी तीन मिलिमीटर द्यायची तर एकवीस घनमीटर लागते. पुण्यात घोळ इथेच होतो. नदीची रेती मिळणं अवघड झालंय आणि बांधकामाची क्रश सँड सहज मिळते, म्हणून तीच टाकली जाते. क्रश सँडमध्ये बेसाल्टची बारीक भुकटी असते. पहिल्या पावसात ती खाली उतरून थर धरते आणि पाणी वर साचायला लागतं. रेती धुतलेली हवी. तिचे बहुतेक कण पाव ते एक मिलिमीटरमधले हवेत, आणि ०.१५ मिलिमीटरपेक्षा बारीक माल दहा टक्क्यांच्या आत. ट्रक उतरवण्याआधी काचेच्या बाटलीत निम्मी रेती, वर पाणी, जोरात हलवून अर्धा तास ठेवायची. रेतीवर गढूळ थर किती जाड बसतो ते डोळ्यांनी दिसतं. थर बोटभर असेल तर ट्रक परत.

याहून मोठी चूक म्हणजे लाल माती आणि शेणखत. बंगल्याच्या लॉनवर ते चालतं, म्हणून मैदानावरही टाकायचा आग्रह होतो. रेतीच्या डोक्यावर मातीचा थर बसला की खालची सगळी निचरा व्यवस्था असून नसल्यासारखी होते. मुळं त्या वरच्या दोन सेंटिमीटरमध्येच फिरत राहतात, कारण ओल तिथेच असते. असं मैदान ऑगस्टमध्ये हिरवंगार दिसतं आणि डिसेंबरात पहिल्या टॅकलला उलगडतं.

मुळं किती खोल गेली आहेत हे अंदाजाने सांगू नये. एका बाजूने धारदार अशी पोकळ नळी दाबून दर पंधरा दिवसांनी जमिनीचा गाभा काढायचा आणि हातावर मोडून बघायचा. पांढरी, केसाळ मुळं दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत दिसली तर ठीक. तपकिरी मुळं चार सेंटिमीटरवर थांबली असतील तर खाली जमीन दाबली गेली आहे किंवा पाणी तुंबलंय. काळपट पट्टा दिसला आणि सडलेल्या अंड्याचा वास आला तर हवा जातच नाही. यावर उपाय म्हणजे पोकळ दातांच्या यंत्राने साडेसात-दहा सेंटिमीटर खोल भोकं पाडून गाभे उचलायचे आणि भोकांत कोरडी रेती भरायची. हे काम जून किंवा ऑगस्टचं. हंगाम सुरू झाल्यावर फक्त भरीव सळईची भोकं पाडायची, कारण पोकळ दातांनी पृष्ठभाग सैल होतो.

ऑक्टोबर हीट पुणेकरांना नकोशी वाटते. मैदानासाठी वर्षातले सगळ्यात मोलाचे चार आठवडे ते. ऊन भरपूर, रात्री अजून उबदार, पाऊस गेलेला. पाणी रोज चार-पाच मिलिमीटर लागतं. पाच मिलिमीटर म्हणजे ३५,७०० लिटर, दहा हजारांचे साडेतीन टँकर. ते पहाटे द्यायचं. संध्याकाळी दिलं की पानं रात्रभर ओली राहतात आणि बुरशीचे रुपयाएवढे फिकट ठिपके उठतात. नत्राचा हिशेब सोपा आहे: युरियाची ४५ किलोची एक गोणी अख्ख्या मैदानाला टाकली की चौरस मीटरला २.९ ग्रॅम नत्र पडतं. महिन्यात दोन वेळा एवढं पुरतं. निम्मं उभं आणि निम्मं आडवं फेकायचं, लगेच पाणी द्यायचं. पाणी अर्धा तास जरी लांबलं तरी पानावर जळल्याचे डाग येतात, आणि टीव्हीवर ते खेळाडूंच्या आधी दिसतात. ऑक्टोबरच्या शेवटी सल्फेट ऑफ पोटॅश हे पालाशचं खत द्यायचं. नोव्हेंबरच्या मध्यानंतर मात्र जास्त नत्र नको. त्याने पान कोवळं, पाणीदार होतं आणि बुटाखाली चुरडतं.

रंग फिका पडतोय म्हणून थंडीत युरियाचा मोह होतो. तेव्हा हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरळ फवारायचा. दोन दिवसांत गडद हिरवा रंग येतो आणि वाढीचा ताणही पडत नाही. फक्त फवारा ॲथलेटिक्सच्या ट्रॅकवर किंवा काँक्रीटवर गेला तर गंजाचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. कडेचे चार मीटर हाताच्या पंपाने, वारा नसताना मारावेत.

ट्रॅकचा विषय निघालाच आहे तर तो पुरता सांगायला हवा. बालेवाडीचं स्टेडियम १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथे झाल्या. म्हणजे ते मुळात ॲथलेटिक्सचं. ४०० मीटरच्या मानक ट्रॅकमध्ये, आतली त्रिज्या साडेछत्तीस मीटर धरली, तर १०५ बाय ६८ चं मैदान बसतं, पण कॉर्नरच्या झेंड्यापासून ट्रॅकच्या आतल्या कडेपर्यंत जेमतेम एक मीटर उरतो. कॉर्नर घेणारा खेळाडू तीन-चार पावलं मागे जातो, म्हणजे थेट ट्रॅकवर. म्हणून सामन्याआधी चारही कोपऱ्यांतली ट्रॅकची ॲल्युमिनियमची आतली कड काढून ठेवावी लागते आणि तिथे कृत्रिम गवताचे तुकडे अंथरावे लागतात. तुकड्यांच्या कडा दुहेरी टेपने चिकटवल्या नाहीत तर बूट अडकतो. खरं आणि कृत्रिम गवत जिथे मिळतं तिथे पातळीत एक सेंटिमीटरचाही फरक नको.

अशा मैदानावर थाळीफेक, भालाफेक, हातोडाफेकही होते, आणि त्यांची उतरण्याची जागा म्हणजे आपलंच गवत. सव्वासात किलोचा हातोडा ओल्या जमिनीत मनगटभर खड्डा करतो. पायाने दाबून बुजवला तर वर सपाट दिसतं आणि आत पोकळ राहतं. पुढे तिथेच कुणाचा तरी घोटा मुरगळतो. खड्ड्याभोवतीचं गवत कापून उचलायचं, तळाची दाबलेली रेती सैल करायची, भर घालायची, ठोकायची, मग गवत परत बसवायचं. हे काम दहा मिनिटांचं आहे. पण शंभर खड्डे असले तर ते दोन दिवसांचं होतं, आणि स्पर्धेच्या आयोजकांनी ते दोन दिवस वेळापत्रकात धरलेले नसतात. ते आधीच मागून घ्यायचे.

कापणीची उंची पावसाळ्यात ३०-३२ मिलिमीटर, सामन्यांसाठी २५ ते २८. एका वेळी पानाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही. पावसामुळे मशीन चार-पाच दिवस आत गेलं नाही की हा नियम मोडला जातो, खालचे पिवळे देठ उघडे पडतात आणि गवत पंधरवडाभर मागे जातं. अशा वेळी आधी उंच कापायचं, दोन-दोन दिवसांनी खाली यायचं. सिलिंडर मोअरची पाती कागदाची पट्टी स्वच्छ कापेल इतकी लागलेली हवीत. बोथट पात्याने पानाचं टोक फाटतं आणि सगळ्या मैदानावर पांढुरकी छटा येते.

टीव्हीवर दिसणारे गडद-फिके पट्टे केवळ शोभेचे नसतात. सहाय्यक पंच ऑफसाइडच्या रेषेत राहण्यासाठी त्यांचा आधार घेतो. पट्टा तिरका गेला तर त्याची नजर फसते. बॉक्स, म्हणजे गोलसमोरचं पेनल्टी क्षेत्र, साडेसोळा मीटरचा, त्यात साडेपाचचे तीन पट्टे. तिथून मध्यरेषेपर्यंत छत्तीस मीटर, त्यात सहाचे सहा. अर्ध्या मैदानात नऊ, पूर्ण मैदानात अठरा. दोन्ही बाजूंना दोरी ताणूनच मशीन चालवायचं.

आखणीत गावाकडच्या मैदानांसारखी फक्की मारायची नाही. विरी गेलेल्या चुन्याची फक्की ओल्या अंगावर आणि डोळ्यांत गेली तर भाजते, आणि गोलकीपर दर सामन्यात रेषेवर झेपावतो. पाण्यातला रेषेचा रंग वापरायचा. टेप स्टीलचा हवा, कापडी ताणला जातो. मापं रेषेच्या बाहेरच्या कडेपासून घ्यायची, कारण रेषा तिने बांधलेल्या क्षेत्राचाच भाग असते. चौकोन काटकोनात आहे का हे कर्णाने तपासायचं: कोपरा ते समोरचा कोपरा १२५.१० मीटर, दोन्ही कर्ण सारखे. बॉक्सची रुंदी ४०.३२, गोलक्षेत्राची १८.३२. रेषा १२ सेंटिमीटरपेक्षा जाड नको आणि खांबांच्या जाडीइतकीच हवी. चार कोपऱ्यांना जमिनीखाली पीव्हीसीची नळी पुरून ठेवली तर दर वेळी नव्याने मोजायचे दोन तास वाचतात.

क्रॉसबारची उंची दर महिन्याला मोजावी, दोन्ही खांबांपाशी आणि मधोमध. गोलसमोर सतत रेती भरली जाते, जमीन हळूहळू वर येते आणि २.४४ चे २.४२ होतात. सामन्याच्या दिवशी दुपारी मॅच कमिशनरच्या, म्हणजे सामन्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, टेपवर ते निघालं तर दोन सेंटिमीटर रेती खरवडण्याशिवाय इलाज नसतो, आणि संध्याकाळी गोलकीपर उघड्या मातीवर उभा राहतो.

वेळापत्रक हातात आलं की सामने किती आहेत यापेक्षा दोन सामन्यांत अंतर किती आहे ते आधी बघायचं. बाहेरच्या दौऱ्यांमुळे घरचे सामने पुंजक्याने येतात. ऑक्टोबरात गवत आठवड्याला आठ-दहा तास खेळ सोसतं. जानेवारीत चार-पाच तासांच्या वर गेलं की गोलसमोरची जागा उघडी पडायला लागते. सामना दीड तासाचा, दोन्ही संघांचा वॉर्म-अप, आदल्या दिवशीचा पाहुण्यांचा सराव, एवढ्यातच जानेवारीचा कोटा संपतो. म्हणून मुख्य मैदानावर घरच्या संघाचा रोजचा सराव नाही म्हणजे नाही. आदल्या दिवशी पाहुणा संघ येतो तेव्हा गोलकीपरांसाठी हलवता येणारे गोल बॉक्सच्या बाहेर लावून द्यायचे. त्यांचे प्रशिक्षक बहुधा ऐकतात, फक्त त्यांच्या मॅनेजरशी सराव सुरू व्हायच्या आधी बोलून घ्यावं.

सामन्याच्या आधीचं पाणी हा वेगळाच विषय. प्रशिक्षकांना चेंडू सरकता हवा असतो, म्हणून दोन मिलिमीटरपर्यंत पाणी मागतात, म्हणजे चौदा हजार लिटर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते ठीक. डिसेंबरात सामना रात्री साडेसात-आठला सुरू होतो आणि मध्यांतराच्या सुमारास दव पडायला लागतं. आधी दिलेलं पाणी आणि वरून दव मिळून दुसऱ्या सत्रात खेळाडू घसरतात. आम्ही थंडीत एक हलकी फवारणी देऊन थांबतो. पाणी केव्हा आणि किती देणार हे दोन्ही संघांना सारखंच आणि आधी सांगायचं, नाहीतर तक्रार होते आणि ती रास्त असते.

मध्यांतराला पंधरा मिनिटं असतात, त्यातली कामाची दहाच. आठ माणसं, प्रत्येकाला मैदानाचा ठरलेला तुकडा, हातात काटा. नवीन माणूस उखडलेली जागा काट्याने खालून वर उचलतो. त्याने मुळं तुटतात.

"दादा, उचलू नका. कडा चारी बाजूंनी आत ढकला, मग टाच द्या," हे मुकादमाला दर हंगामात नव्या पोरांना सांगावं लागतं.

सुटे पडलेले तुकडे गोळा करायचे, ते पुन्हा लावून जगत नाहीत. तिथे रेती भरायची. संकरित बर्म्युडाला रुजणारं बी येत नाही, त्यामुळे "बी टाकून ठेवा" हा सल्ला फुकट. मैदानामागे त्याच जातीची अडीचशे-तीनशे चौरस मीटरची रोपवाटिका पावसाळ्यातच लावून ठेवली तरच जानेवारीत हाताशी काही असतं. गोल्फच्या होल कटरने १०८ मिलिमीटरचा गोल तुकडा तिथून काढून इथे बसवता येतो. मोठी जागा बदलायची तर गवताची लादी चार सेंटिमीटर जाड कापावी. पातळ लादी मुळं धरेपर्यंत सरकते, जाड लादी स्वतःच्या वजनावर बसते. तरी पुढच्या सामन्याला आठवडा-दहा दिवस हवेतच.

या सगळ्याची कसोटी लागावी असं वर्ष म्हणजे २०१४-१५. ऑक्टोबर ते डिसेंबर आयएसएल, पुणे सिटीचे घरचे सात सामने. मग १७ जानेवारीला आय-लीग सुरू, अकरा संघ, आणि त्यातले दोन, पुणे एफसी आणि भारत एफसी, पुण्याचेच. प्रत्येकाचे दहा घरचे सामने, मे अखेरपर्यंत. गवताच्या दृष्टीने यातली अवघड गोष्ट आकडा नव्हे, क्रम. ज्या वेळी झीज भरून येत नाही त्याच वेळी दुसरा हंगाम सुरू होतो, आणि फेब्रुवारीअखेर ऊब परतल्यावर जी सवड मिळायला हवी ती सामन्यांत जाते. वर आय-लीगचे बरेच सामने दुपारी. एप्रिलच्या उन्हात रोज सहा-सात मिलिमीटर पाणी लागतं, आणि पुण्यात पाणीकपातीची चर्चा सुरू व्हायची वेळही तीच.

शेवटचा घरचा सामना झाला की आठवडा वाया न घालवता काम धरावं. गवत १५ मिलिमीटरपर्यंत उतरवायचं, उभ्या पात्यांच्या यंत्राने कुजका थर ओढून काढायचा. एका मैदानातून ट्रॉलीच्या ट्रॉल्या निघतात. मग भोकं, रेती, नत्र. ज्या जागा अगदी उघड्या आहेत तिथे रोपवाटिकेतले धावे, म्हणजे गवताच्या जमिनीवर पसरणाऱ्या काड्या, तोडून, दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करून, जूनच्या पहिल्या आठवड्यात पसरायचे, वर पाच मिलिमीटर रेती आणि हलका रोलर. धावे तोडल्यापासून त्याच दिवशी जमिनीत गेले पाहिजेत. गोणीत रात्रभर राहिले तर आतल्या उष्णतेने काळे पडतात. पहिले दहा दिवस पाऊस नसेल तर दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं पाणी, आणि साधारण सहा आठवडे त्या भागावर कुणाचाही बूट नाही.